मुलांचा बेसबॉल : जागा बदलते तेव्हा

बेसबॉल हा खेळ आपल्या खेड्यापाड्यांतून फारसा दिसत नाही. कबड्डी, खो-खो, क्रिकेट ही नावे काढली की मैदान डोळ्यांपुढे उभे राहते. बेसबॉलचे तसे होत नाही. तरीसुद्धा, वाचकहो, आज मी तुम्हांला अमेरिकेतल्या लहान मुलांच्या बेसबॉलविषयी सांगणार आहे, आणि तेही त्याच्या एका लहानशा अंगाविषयी.

संघातल्या एखाद्या मुलाला प्रशिक्षक म्हणतात, "उद्यापासून तू तिथे नको, इथे उभा राहा." एवढेच वाक्य. पण त्या वाक्याने मुलगा रात्री नीट जेवत नाही, आईला काळजी लागते आणि बाप दुसऱ्या दिवशी तणतणत मैदानावर जातो. असे का होते? प्रशिक्षक मुलांच्या जागा बदलतात तरी का? आणि त्यांच्यावर विश्वास टाकायचा तो किती? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याही शाळेच्या पटांगणावर उपयोगी पडेल असे काही हाती लागते. शिवाय हा खेळ आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. आपल्या राज्यातल्या शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल आणि त्याची धाकटी बहीण सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत.

प्रथम खेळ कसा असतो ते पाहू. मैदानाचा आतला भाग चौकोनी असतो. पण तो चौकोन एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखा दिसतो, पत्त्यांतल्या चौकटसारखा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. खालच्या कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो. चौकोनाच्या मध्यभागी एक लहानसा उंचवटा असतो, तेथून चेंडू फेकणारा तो पिचर. चेंडू टप्पा न पाडता थेट फेकायचा. फलंदाजाने तो टोलवावा, पहिले, दुसरे, तिसरे ठाणे गाठीत पुन्हा मूळ ठाण्यावर यावे, म्हणजे एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. मोठ्यांचा सामना नऊ डावांचा, लहान मुलांचा सहा डावांचा.

क्षेत्ररक्षण करणारे नऊ जण. एक पिचर. फलंदाजाच्या मागे आपल्या यष्टिरक्षकासारखा उकिडवा बसतो तो कॅचर. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यापाशी एकेक. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या जागेत शॉर्टस्टॉप. आणि लांब बाहेरच्या गवतावर तिघे : डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक.

आता क्रिकेटशी तुलना करून पाहा. आपल्याकडे षटक संपले की सगळे इकडचे तिकडे होतात. आत्ता सीमेवर असलेला गडी पुढच्या षटकात स्लिपमध्ये येतो आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. बेसबॉलमध्ये जागा सहसा ठरलेली असते. "तू कोण?" असे विचारले तर मुलगा सांगतो, "मी पिचर", "मी शॉर्टस्टॉप". जागा म्हणजे जणू त्याचे आडनावच होऊन बसते. म्हणून ती बदलली की मुलाला आपले काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटते.

मुलांच्या ह्या खेळाची सर्वांत मोठी संस्था लिटल लीग. तिची सुरुवात १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट ह्या गावी झाली. कार्ल स्टोट्झ नावाच्या एका गृहस्थाला वाटले की आपल्या भाच्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना त्यांच्या अंगाला बेतेल असे मैदान आणि साहित्य हवे. पहिल्या वर्षी अवघे तीन संघ. त्यांचा खर्च गावातल्याच धंदेवाल्यांनी उचलला. पहिला सामना ६ जून १९३९ रोजी झाला; त्यात लाकडाच्या व्यापाऱ्याच्या संघाने दूधडेअरीच्या संघाचा २३ विरुद्ध ८ असा पराभव केला. पुढे रोपट्याचा वटवृक्ष झाला. मुलींना मात्र १९७४ पर्यंत दारे बंद होती. न्यायालयात भांडल्यावर ती उघडली.

ह्या सर्व व्यवहारातली एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. लिटल लीगचे बहुतेक प्रशिक्षक पगारी नसतात. संध्याकाळी कामावरून सुटलेला कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई, एखादा काका, हेच प्रशिक्षक. त्यांचे स्वतःचे मूलही बहुधा त्याच संघात असते. मग इतरांच्या मनात शंका यायला वेळ लागत नाही. माझ्या मुलाला पिचरच्या उंचवट्यावरून काढले आणि तिथे उभा कोण? प्रशिक्षकाचा चिरंजीव! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण काही फक्त मराठी माणसांना लागू नाही. तेव्हा विश्वासाचा प्रश्न निघतो तो उगाच निघत नाही.

आता जागा का बदलाव्या लागतात ते पाहू.

पहिले कारण मुलाचे वाढते शरीर. लिटल लीगच्या मैदानावर दोन ठाण्यांमधले अंतर ६० फूट असते, मोठ्यांच्या मैदानावर ९० फूट. पिचर लहान मैदानावर ४६ फुटांवरून चेंडू फेकतो. मोठ्या मैदानावर त्याला ६० फूट ६ इंचांवरून फेकावा लागतो. बाराव्या वर्षी जो मुलगा आपल्या वेगाने सर्वांना भारी ठरतो, तोच दोन वर्षांनी मोठ्या मैदानावर गेला की त्याचा चेंडू फलंदाजाला नीट पाहता येतो. उलट, काल जो हडकुळा म्हणून मागे राहिला होता तो एका उन्हाळ्यात हातभर वाढतो आणि त्याची फेक मैदान ओलांडून जाऊ लागते. बाराव्या वर्षीच्या अंगरख्याची मापे पंधराव्या वर्षी कशी चालतील?

दुसरे कारण शरीराची ठेवण. डावखुऱ्या मुलाचे उदाहरण घ्या. शॉर्टस्टॉपने किंवा तिसऱ्या ठाण्यावरच्या गड्याने चेंडू अडवला की तो बहुतेक वेळा पहिल्या ठाण्याकडे फेकायचा असतो, आणि फलंदाजाकडे तोंड केले असता ते ठाणे त्याच्या डाव्या हाताला येते. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा आपोआपच त्या दिशेला असतो. डावखुऱ्याला मात्र सबंध अंग वळवून घ्यावे लागते आणि तेवढ्या अवधीत धावणारा पोचतो. म्हणून डावखुऱ्याला शॉर्टस्टॉपवरून हलवतात, आणि बहुधा पहिल्या ठाण्यावर किंवा बाहेरच्या मैदानात पाठवतात. पहिल्या ठाण्यावर त्याचा हातमोजा उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला येतो आणि तोच डावखुरेपणा सोयीचा ठरतो. ह्यात मुलाचा दोष नाही आणि प्रशिक्षकाचा आकसही नाही. पण हे कुणी समजावून सांगितले नाही, तर मुलाला दोन्ही वाटू शकते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे मुलाचा हात. जोराने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर विलक्षण ताण येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ पट्टा असतो. हाड लांबीला वाढते ते तिथूनच. त्यावर पुनःपुन्हा ताण पडला तर तो दुखावतो. ह्या दुखण्याला तिकडे 'लिटल लीगर्स एल्बो', म्हणजे लिटल लीगवाल्यांचे कोपर, असे नावच पडले आहे. आपल्या नावाचे दुखणे असणे ही काही कोणत्या खेळाला भूषणाची गोष्ट नव्हे.

मोठ्यांचीही गत पाहा. १९७४ साली लॉस एंजलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन ह्याच्या कोपरातला अस्थिबंध तुटला. डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. तोपर्यंत असे कुणी केले नव्हते. टॉमी जॉन १९७६ मध्ये पुन्हा खेळू लागला आणि १९८९ पर्यंत खेळला. पुढे ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आज ती शाळकरी वयाच्या मुलांवरही करावी लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून लिटल लीगने २००७ पासून चेंडू मोजण्याचा नियम केला. पूर्वी डाव मोजीत. पण एका डावात दहा चेंडू पडतात तसे चाळीसही पडू शकतात. आता नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७५ पेक्षा अधिक आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५ पेक्षा अधिक चेंडू टाकायचे नाहीत. ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. एवढेच नव्हे, एखाद्याने ४१ चेंडू टाकले की त्या दिवशी त्याला कॅचरही होता येत नाही. कारण कॅचरला प्रत्येक चेंडू पिचरकडे परत फेकावा लागतो, म्हणजे हाताला विसावा कसला? शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एकाच वावरात सालोसाल तेच पीक घेतले तर जमीन थकते. पिकाची फेरपालट करायची ती जमीन राखण्यासाठी.

ह्या नियमामुळे सर्वांत चांगल्या पिचरलाही सामन्याच्या ऐन भरात खाली उतरावे लागते आणि दुसऱ्या जागी जावे लागते. त्याच्या जागी ज्याने कधी पिचर म्हणून चेंडू टाकला नाही अशाला उभे करावे लागते. तेव्हा एका मुलाची जागा बदलली की दोघांची बदलते, कधी तिघांची. ज्या संघात मुले दोनतीन जागा शिकलेली असतात तो संघ अशा वेळी डगमगत नाही.

पण मुलाच्या कानावर ही गोष्ट कशी पडते? सर्वांत कठीण वाक्य असते ते "तू उजव्या बाजूच्या बाहेरच्या मैदानात जा." बहुतेक फलंदाज उजव्या हाताचे, त्यांचे जोराचे टोले बहुधा डावीकडे जातात. उजवीकडे चेंडू कमी येतात. त्यामुळे मुलांच्या सामन्यांत सर्वांत कच्च्या गड्याला तिथे उभे करण्याची जुनी रीत आहे, आणि ती मुलांनाही ठाऊक असते. तिथे पाठवला म्हणजे आपल्याला अडगळीत टाकले, असे मुलाला वाटले तर नवल नाही.

वास्तविक ती जागा अडगळीची नाही. पहिल्या ठाण्याकडे फेकलेला चेंडू हुकला तर तो अडवायला उजव्या मैदानातल्या गड्यालाच धावावे लागते, आणि हे प्रत्येक वेळी, चेंडू हुको न हुको. शिवाय तिथून तिसऱ्या ठाण्याची फेक ही मैदानावरच्या सर्वांत लांब फेकींपैकी एक. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा रॉबर्टो क्लेमेंटे ह्याच जागेवर उभा राहून मोठा झाला. पोर्तो रिकोचा हा मुलगा शाळेत भालाफेक करीत असे. त्या हाताच्या जोरावर त्याने उत्तम क्षेत्ररक्षणाचे सोनेरी हातमोज्याचे पारितोषिक बारा वेळा मिळवले. १९७२ च्या ३१ डिसेंबरला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना, विमान अपघातात त्याचा अंत झाला. तेव्हा जागा हलकी की भारी हे जागेवर ठरत नाही.

प्रशिक्षकावरच्या विश्वासाची आणखी एक गोष्ट सांगतो. ती थोड्या मोठ्या मुलाची आहे, पण सांगण्याजोगी आहे.

स्टॅन म्युझियल हा पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा ह्या कारखान्यांच्या गावचा डावखुरा पोरगा. सेंट लुइस कार्डिनल्स ह्या संघाने त्याला घेतले ते पिचर म्हणून. १९४० साली तो फ्लॉरिडातल्या डेटोना बीच इथल्या खालच्या दर्जाच्या संघात होता. वय एकोणीस, लग्न झालेले, बायको गरोदर आणि पगार तुटपुंजा. त्या संघाचा प्रशिक्षक होता डिकी कर. त्याने पाहिले की हा पोरगा चेंडू बरा टाकतो, पण टोलवतो फार चांगला. म्हणून ज्या दिवशी पिचरचे काम नसेल त्या दिवशी तो त्याला बाहेरच्या मैदानात खेळवू लागला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एक झेल घेताना म्युझियल डाव्या खांद्यावर पडला. ज्या हातावर पोट भरायचे तोच हात गेला. खेळ सोडून घरी जावे असे त्याच्या मनात आले.

डिकी करने त्याला जाऊ दिले नाही. हात गेला तरी बॅट आहे, असा धीर त्याने दिला. एवढ्यावर तो थांबला नाही. म्युझियलला आणि त्याच्या बायकोला त्याने आपल्या घरी राहायला आणले. म्युझियल पिचरचा फलंदाज झाला. १९४१ च्या सप्टेंबरात तो सर्वोच्च दर्जाच्या संघात पोचला आणि १९६३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३,६३० यशस्वी टोले होते. पुढे त्याने आपल्या ह्या जुन्या प्रशिक्षकाला ह्यूस्टन शहरात एक घर घेऊन दिले.

हा डिकी कर कोण होता तेही ऐका. १९१९ सालच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या खेळाडूंनी पैसे घेऊन हरण्याचा कट केला, असे पुढे उघडकीस आले. आठ जणांना खेळातून कायमचे बाहेर काढण्यात आले. त्याच मालिकेत, त्याच संघाकडून, एका ठेंगण्या नवख्या पिचरने प्रामाणिकपणे खेळून दोन सामने जिंकले होते. तो हाच डिकी कर. विश्वास हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. त्याची किंमत असल्या माणसाकडे पाहून कळते.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. बेब रूथ हा बॉल्टिमोरच्या एका सुधारगृहवजा शाळेत वाढला. तिथे तो डावखुरा असूनही कॅचर म्हणून खेळे. तिथेच पिचर झाला. आणि बोस्टनच्या संघात नामांकित पिचर म्हणून गाजल्यावर १९१८-१९ मध्ये पुन्हा जागा बदलून फलंदाज झाला. पनामातल्या एका कोळ्याचा मुलगा मारियानो रिव्हेरा हा शॉर्टस्टॉप होता. संघाचा पिचर चालेना म्हणून एकदा त्याने चेंडू हातात घेतला, आणि पुढे १९९० मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला करारबद्ध केले. तिथेही आधी त्याला सामन्याच्या सुरुवातीला, मग मध्ये आणि शेवटी अखेरच्या डावात चेंडू टाकायला लावले. अखेरच्या डावात सामना राखण्याचा त्याचा ६५२ चा विक्रम आजही अबाधित आहे.

परंतु वाचकहो, इथे जरा थांबू या. ही सगळी यशस्वी झालेल्यांची उदाहरणे आहेत. जागा बदलली म्हणून प्रत्येकाचा बेब रूथ होत नाही. २००८ साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका स्पर्धेतून निवडले गेले, अमेरिकेत नेले गेले आणि काही महिन्यांत पिचर बनले. क्लेमेंटेच्याच पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. ज्यांनी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता त्यांच्या बाबतीत ही मोठीच मजल; पण दोघांपैकी कोणीही सर्वोच्च दर्जाच्या सामन्यापर्यंत पोचला नाही. तेव्हा "जागा बदल, तू मोठा खेळाडू होशील" असे आमिष मुलाला दाखवू नये. ते आश्वासन कुणालाच देता येत नाही.

मग जागा बदलण्यातून मुलाला मिळते काय? माझ्या मते एक फार मोलाची समज मिळते. मी म्हणजे माझी जागा नव्हे, ही ती समज. आणि तिचा संबंध थेट त्याच्या हाताशी आहे.

कसा तो पाहा. ज्या मुलाला वाटते की मी पिचर आहे म्हणूनच मला घरीदारी किंमत आहे, तो कोपर दुखू लागले तर सांगेल का? मुळीच सांगणार नाही. सांगितले तर जागा जाईल, ही भीती. तो दात-ओठ खाऊन फेकत राहील. चेंडूंची मोजणी एका संघात होते. मुलगा दुसऱ्याही संघात खेळत असेल, तर तिथली बेरीज कोण करणार? नियमाचे पुस्तक मुलाच्या कोपरात शिरून पाहू शकत नाही. दुखते की नाही हे एकट्या मुलालाच ठाऊक असते. ते सांगण्याइतका विश्वास त्याला प्रशिक्षकाविषयी आणि घरच्यांविषयी वाटला पाहिजे. आपण विश्वासाचा विचार करतो तो नेहमी एकाच बाजूने : मुलाने प्रशिक्षकावर विश्वास ठेवावा. पण त्याचे खरे फळ हे की मुलगा निर्धास्तपणे येऊन म्हणतो, "सर, आज हात दुखतो आहे."

असा विश्वास हुकमाने उत्पन्न होत नाही. तो प्रशिक्षकाने मिळवायचा असतो. त्यासाठी काय करावे?

जागा बदलायची असेल तर ती बातमी मुलाला आधी सांगावी, एकट्याला बाजूला घेऊन सांगावी. सामन्याच्या वेळी यादी वाचताना त्याला ती सर्वांदेखत कळू नये. कारण सांगावे आणि ते खरे सांगावे. ताकाला जाऊन भांडे लपवू नये. "तुझी फेक लांब जाते, म्हणून तुला बाहेर पाठवतो" हे कारण आहे. "मी सांगतो म्हणून" हे कारण नव्हे. मुदत घालावी : "चार सामने असे करून पाहू, मग तू आणि मी बसून बोलू." नव्या जागेचे शिक्षण द्यावे, नुसते उभे करून विसरून जाऊ नये. आणि जो नियम इतरांच्या मुलांना तोच आपल्या मुलाला. ही शेवटची गोष्ट केली, तर पहिल्या चार गोष्टी लोक सहज पटवून घेतात.

पालकांचेही काही कर्तव्य आहे. कुंपणाबाहेरून ओरडून प्रशिक्षकाला सल्ले देऊ नयेत. त्यात मुलाचीच मान खाली जाते. सामना संपल्याबरोबर भांडायला जाऊ नये. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी जाऊन "माझ्या मुलाला का काढले?" असे विचारण्याऐवजी "ह्या जागेसाठी त्याने घरी काय सराव करावा?" असे विचारावे. ह्या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रशिक्षकाची पारखही होते. ज्याने विचार करून जागा बदलली असेल तो चटकन दोन गोष्टी सांगेल. ज्याने केली नसेल तो घुटमळेल.

आणि घरी जेवताना मुलासमोर प्रशिक्षकाची निंदा करू नये. उद्या त्याला त्याच माणसाच्या हाताखाली खेळायचे असते.

पण विश्वास म्हणजे आंधळेपणा नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मुलगा दुखते म्हणत असताना जो "आणखी एक डाव टाक" म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. चेंडूंची मोजणी जो लपवतो, जागा बदलणे ही ज्याच्या हातातली शिक्षा झालेली असते, जो चारचौघांत मुलाचा पाणउतारा करतो, आणि "हे घरी सांगू नकोस" असे जो मुलाला बजावतो, अशा माणसाच्या ताब्यात मूल ठेवू नये. तिथे संघाचे काय होईल, स्पर्धेचे काय होईल, हा विचार करीत बसू नये. मुलाला हाताला धरून घरी आणावे. दुखणे असेल तर डॉक्टरला दाखवावे. तक्रार करण्याजोगे असेल तर ज्यांच्याकडे करायची त्यांच्याकडे करावी.

आता थोडे आपल्याकडे पाहू. बोरिवलीच्या एका शाळेत रोहित शर्मा नावाचा मुलगा होता. तो ऑफस्पिन गोलंदाजी करी आणि फलंदाजीला फार खाली येई. त्याचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी एकदा त्याला बॅटने सराव करताना पाहिले आणि त्याला सलामीला पाठवायचे ठरवले. पुढे २०१३ साली भारतीय संघातही त्याची जागा अशीच बदलली. मधल्या फळीतून तो सलामीला आला. दोन्ही वेळा कुणीतरी नीट पाहिले होते, ही गोष्ट महत्त्वाची. जागा बदलण्याचा अधिकार प्रशिक्षकाला मिळतो तो पाहण्यामुळे. जो मुलांकडे पाहत नाही, यादीकडेच पाहतो, त्याने बदललेल्या जागेत आणि चिठ्ठी टाकून काढलेल्या जागेत फरक काय राहिला?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत बेसबॉलचा हातमोजा नसेल. पण खो-खोत कायम पाठलागच करणारा एखादा गडी असेल, कबड्डीत एकदाही चढाईला न गेलेला कोपऱ्यातला मुलगा असेल, क्रिकेटमध्ये दिवसभर एकट्यानेच चेंडू टाकणारा एखादा दणकट पोर असेल. येत्या आठवड्यात एक तास त्यांच्या जागा बदलून पाहा. आधी त्यांना कारण सांगा. तासानंतर दोन मिनिटे विचारा, कसे वाटले. आणि त्या दणकट पोराला बाजूला घेऊन एवढेच विचारा, "हात दुखतो का रे?" तो काय उत्तर देतो ते तर ऐकाच; पण उत्तर देण्याआधी तो तुमच्या तोंडाकडे किती वेळ बघतो, तेही पाहा.